शिक्षणाच्या वाटेवरील शिदोरी : तालुक्याच्या गावचे महाविद्यालय आणि विद्यार्थ्यांचे भोजन

अमरावती जिल्ह्यातील चांदूर रेल्वे हे नाव उच्चारताना 'रेल्वे' हा शब्द जोडावाच लागतो. कारण याच जिल्ह्यात चांदूर बाजार नावाचे दुसरे तालुक्याचे गाव आहे. भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६७ साली पूर्ण झाला आणि बडनेरा व धामणगाव यांच्या दरम्यानच्या या गावाला त्याची आजची ओळख मिळाली. कापूस, तूर आणि सोयाबीन पिकविणाऱ्या परिसराची ही बाजारपेठ. तहसील कचेरी, बाजार समिती आणि न्यायालय यांच्याबरोबरच शाळा-महाविद्यालयांमुळेही आसपासच्या खेड्यांतील माणसांची येथे रोजची ये-जा असते. त्या ये-जा करणाऱ्यांत विद्यार्थ्यांची संख्या मोठी असते.

उच्च शिक्षण तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले, ही गेल्या काही दशकांतील महत्त्वाची घटना होय. पूर्वी पदवीसाठी अमरावती किंवा नागपूर गाठावे लागे. १९८३ साली अमरावती विद्यापीठाची स्थापना झाली आणि वऱ्हाडातील महाविद्यालयांना जवळचे विद्यापीठ मिळाले. महाविद्यालय जवळ आले, शुल्कात सवलती आल्या, एस.टी.चा पास आला. तथापि एक प्रश्न बहुतेक ठिकाणी ज्याच्या त्याच्यावर सोपविला गेला. सकाळी घर सोडून निघालेला किंवा गावात खोली करून राहिलेला विद्यार्थी दिवसभरात काय खातो, किती खातो आणि त्याचा खर्च कसा भागवितो, हा तो प्रश्न. मोठ्या शहरातील विद्यापीठांत शेकडो विद्यार्थ्यांची भोजनगृहे असतात. लहान महाविद्यालयात वसतिगृह असलेच तर विद्यार्थी तीस-चाळीस, आणि बाकीचे सारे येऊन-जाऊन शिकणारे. अशा ठिकाणी भोजनाची व्यवस्था कशी असावी, याचा येथे विचार केला आहे.

वारापासून बोर्डिंगपर्यंत

शिक्षण आणि भोजन यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. विद्येसाठी गाव सोडलेला गरीब विद्यार्थी पूर्वी वार लावून जेवत असे. आठवड्याचे सात दिवस सात घरी ठरलेले असत. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपवास घडे. कोणी माधुकरी मागून दिवस काढी. या प्रथेने अनेकांचे शिक्षण झाले हे खरे. पण तिला मोठी मर्यादा होती. वार मिळे तो बहुधा स्वजातीच्या घरी. ज्या समाजाची गावात शिकलेली व सुस्थितीतील घरे नव्हती, त्या समाजातील मुलाला वार कोण देणार? जेवणाची सोय नाही म्हणून शिक्षण नाही, आणि शिक्षण नाही म्हणून सुस्थिती नाही, असा तो फेरा होता.

हा फेरा तोडण्याचे काम वसतिगृहांनी, म्हणजे लोकांच्या भाषेत 'बोर्डिंग'ने केले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना केली आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा व साहाय्य दिले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले. या मुलांच्या जेवणाला अडचण पडू नये म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुले धान्य निवडीत, दळीत, भाकरी थापीत आणि एका पंक्तीत बसून जेवीत. त्या काळी सर्व जातींची एक पंगत हीच मोठी सामाजिक क्रांती होती.

वऱ्हाडात हे कार्य डॉ. पंजाबराव देशमुख यांनी केले. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील पापळ येथे २७ डिसेंबर १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. त्यांच्या बालपणीच्या शिक्षणाचा काही काळ चांदूर रेल्वे येथे गेला. पुढे कारंजा, अमरावती, पुणे आणि इंग्लंड असा त्यांचा शैक्षणिक प्रवास झाला. शिक्षणासाठी गाव सोडणे म्हणजे काय, हे त्यांनी लहान वयातच अनुभवले होते. विलायतेतून परतल्यावर त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय सुरू केले आणि त्यात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांना एकत्र राहण्या-जेवण्याची सोय केली. श्री शिवाजी शिक्षण संस्था १९३२ सालची, छात्रालय त्याआधीचे. शाळा काढण्यापूर्वी राहण्या-जेवण्याची सोय, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

आजचे विद्यापीठ ज्यांचे नाव धारण करते, त्या संत गाडगेबाबांच्या दशसूत्रीतही हाच क्रम दिसतो. तिच्यात भुकेल्याला अन्न देणे पहिले येते आणि गरीब मुलामुलींना शिक्षणासाठी मदत करणे त्यानंतर. अन्नाशिवाय शिक्षण पुढे सरकत नाही, हे या भूमीतील कर्त्या माणसांनी फार पूर्वी ओळखले होते.

आज उपलब्ध असलेले मार्ग

तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आज साधारणतः पाच मार्ग असतात.

पहिला मार्ग घरच्या डब्याचा. जे रोज ये-जा करतात त्यांना तो स्वाभाविक होय. घरचे अन्न ताजे, ओळखीचे आणि स्वस्त असते. पण पहाटेची बस किंवा गाडी पकडावयाची असेल तर स्वयंपाक त्यापूर्वी व्हावा लागतो. पेरणीच्या किंवा कापूसवेचणीच्या दिवसांत आई स्वतःच शेतावर जाण्याच्या घाईत असते. मग डबा राहून जातो आणि मुलगा चहावर निघतो. मुलींच्या बाबतीत हे अधिक घडते. कारण घरचे सकाळचे काम आटोपून निघणे त्यांच्याच वाट्याला येते. एके काळी गावाकडून एस.टी.ने डबा पाठविण्याचा प्रघात होता. फडक्यात बांधलेला डबा वाहकाच्या हवाली केला जाई आणि तालुक्याच्या स्थानकावर विद्यार्थी तो उतरवून घेई. कित्येक शिक्षक आणि अधिकारी या डब्यावर शिकले आहेत.

दुसरा मार्ग खोली करून हातस्वयंपाक करण्याचा. दोघे-तिघे मिळून खोली घेतात, गावाहून ज्वारी, गहू, तुरीची डाळ आणतात. खर्च सर्वांत कमी येतो. परंतु परीक्षेच्या दिवसांत स्वयंपाकाला फाटा मिळतो, खिचडी किंवा नुसता भात यांवर आठवडे निघतात आणि भाजी ही चैनीची वस्तू होते.

तिसरा मार्ग खानावळीचा किंवा महिन्याने डबा लावण्याचा. गावातील एखादी गृहिणी किंवा महिला बचत गट असे डबे पुरवितो तेव्हा अन्न घरगुती असते आणि गावातील एका कुटुंबाला उत्पन्नही मिळते. मात्र भाव वाढले की दर तोच ठेवून वरण पातळ करण्याचा मोह होतो.

चौथा मार्ग महाविद्यालयाच्या उपाहारगृहाचा. तेथे समोसा, कचोरी, आलूबोंडा आणि चहा मिळतो. भूक तात्पुरती भागते, पोषण होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये उच्च शिक्षण संस्थांना आवारात निकृष्ट खाद्यपदार्थांची विक्री टाळण्याची सूचना केली होती. परंतु समोसा बंद करून त्या जागी दुसरे काही न ठेवले तर विद्यार्थी फाटकाबाहेरच्या गाडीवर जातो, इतकाच फरक पडतो.

पाचवा मार्ग वसतिगृहाच्या भोजनगृहाचा, म्हणजे मेसचा. सुव्यवस्थित चालली तर ही व्यवस्था सर्वांत चांगली. पण ती चालविणे सोपे नाही, म्हणून तिचा हिशेब तपशिलाने पाहणे आवश्यक आहे.

ताटात काय असावे

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढ व्यक्तीच्या सुमारे २००० उष्मांकांच्या दैनिक आहाराचे एक प्रमाण सुचविले आहे. त्यानुसार दिवसभरात तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ यांसारख्या तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असावे. शरीरश्रम करणाऱ्याला किंवा खेळाडूला धान्य त्याहून अधिक लागते. चाळीस विद्यार्थ्यांच्या मेसला या मापाने रोज १० किलो धान्य, ३ किलो ४०० ग्रॅम डाळ, १६ किलो भाजी, ४ किलो फळे, १२ लिटर दूध, १ किलो ४०० ग्रॅम दाणे-तीळ आणि सुमारे १ किलो ८० ग्रॅम तेल लागेल. मेसच्या कोठीची वही आणि हे आकडे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे कोठे कमी पडते ते चटकन ध्यानात येते. धान्य बहुधा पुरेसे असते. कमी पडते ती डाळ, भाजी आणि दूध.

ही तूट शरीराला कशी जाणवते? ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. अडीचशे ग्रॅम धान्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात. ८५ ग्रॅम डाळीतून १९ आणि ३०० मिलिलिटर दुधातून १० ग्रॅम. अशी बेरीज ५४ पर्यंत जाते. आता दूध वगळले आणि दोन्ही वेळच्या पातळ वरणात मिळून जेमतेम ३० ग्रॅम डाळ पडली, तर ही बेरीज ३२ च्या आसपास थांबते. विद्यार्थ्याचे पोट पोळी-भाताने भरलेले असते, म्हणून त्याला उपासमार जाणवत नाही; पण शरीराची झीज भरून निघत नाही.

धान्य आणि डाळ एकत्र खाण्याला शास्त्रीय कारण आहे. ज्वारी व गहू यांत लायसिन नावाचा प्रथिनांचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते धान्यात असते. दोन्ही एका ताटात आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. भाकर आणि झुणका, वरण आणि भात, पिठले आणि भाकर या जोड्या लोकांनी शास्त्र न वाचता शतकानुशतके जपल्या, त्या उगीच नव्हेत.

मुलींच्या ताटाचा प्रश्न

या विषयात सर्वांत गंभीर बाब मुलींच्या रक्तक्षयाची आहे. २०१९-२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय होता. महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ५४.२ टक्के होते. म्हणजे वर्गात बसलेल्या दर दोन मुलींपैकी सुमारे एक रक्तक्षयाने पछाडलेली असते, असे धरून चालावे लागेल. धाप लागणे, चक्कर येणे, दुपारच्या तासाला डोळे मिटणे, वाचलेले लक्षात न राहणे ही त्याची लक्षणे. शिक्षक ज्याला आळस समजतो तो पुष्कळदा आजार असतो.

पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह पुरते. स्त्रीला २९ मिलिग्रॅम लागते. तिची गरज दीडपट, आणि घरच्या पंक्तीत ती शेवटी बसते. तेव्हा मेसमध्ये तरी मुलींना डाळ, पालेभाजी आणि उसळ पुरेशी मिळाली पाहिजे. लोह केवळ पोटात जाऊन भागत नाही, ते रक्तात शोषले जावे लागते. जेवणासोबत लिंबाची फोड, आवळा किंवा संत्रे असले तर 'क' जीवनसत्त्वामुळे शोषण वाढते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर ते घटते. कडधान्याला मोड आणल्यास त्यातील लोह शरीराला अधिक मिळते. संत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जिल्ह्यात हंगामात मेसच्या ताटात एक संत्रे पडणे कठीण नसावे. जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलणे तर बिनखर्चाचे आहे.

वऱ्हाडी अन्नाचे बळ

पोषक आहार म्हणजे महाग आहार, हा समज दूर झाला पाहिजे. वऱ्हाडच्या स्वयंपाकघरात स्वस्त व सकस पदार्थांची उणीव नाही. पालक घालून केलेली डाळभाजी, आंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, झुणका, पाटवडी, मोडाची उसळ, ताकाची कढी, जवसाची व शेंगदाण्याची चटणी यांतून आठवड्याचा संपूर्ण बेत बसविता येतो. डाळभाजीत डाळ आणि पालेभाजी एकाच वेळी पोटात जातात. ताक लोण्यावाचूनचे असले तरी त्यात दुधातील प्रथिने आणि चुना शिल्लक असतोच.

ज्वारीचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. वऱ्हाडात एके काळी ज्वारी हे मुख्य अन्न होते. गेल्या काही दशकांत तिची जागा सोयाबीनने घेतली आणि ताटात भाकरीऐवजी गव्हाची पोळी आली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा ज्वारी-बाजरीची पुन्हा चर्चा झाली. मेसमध्ये भाकर करणे कष्टाचे असते हे खरे. एकेक भाकर हाताने थापावी लागते आणि चाळीस जणांच्या भाकरीला दोन बाया लागतात. म्हणून रोज नव्हे, तर आठवड्यातून दोन-तीन वेळा भाकरीचा बेत ठेवणे व्यवहार्य ठरते.

सोयाबीनची कथा उलट आहे. या परिसरात ते पोत्यांनी पिकते, बाजारात जाते आणि पिकविणाऱ्याच्या ताटात क्वचितच येते. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. नऊ भाग गव्हात एक भाग सोयाबीन मिसळून दळले तर दर १०० ग्रॅम पिठामागे सुमारे ३ ग्रॅम प्रथिने वाढतात आणि पोळीच्या चवीत फारसा फरक पडत नाही. मात्र सोयाबीन कच्चे खाऊ नये. त्यातील काही घटक पचनाला बाधक असतात, ते उष्णतेने नष्ट होतात. म्हणून ते आधी उकळून, वाळवून किंवा भाजून मगच दळावे.

लहान मेसचे अर्थकारण

लहान मेस बंद का पडते? स्वयंपाक चांगला नसतो म्हणून, असे उत्तर सहसा दिले जाते. खरे कारण बहुधा सभासदांच्या संख्येत असते. उदाहरणादाखल असे धरू की, स्वयंपाकी, मदतनीस, जागा आणि भांडी यांचा महिन्याचा स्थिर खर्च १८,००० रुपये आहे. सभासद साठ असतील तर प्रत्येकी ३०० रुपये पडतात. वीस असतील तर ९००. वीस जणांच्या मेसमध्ये प्रत्येकाचे सहाशे रुपये अधिक जातात आणि ते ताटात कोठेच दिसत नाहीत. मग डाळ पातळ होते. डाळ पातळ झाली की आणखी चार जण मेस सोडतात. आणि उरलेल्यांवरचा भार पुन्हा वाढतो. दिवाळीची किंवा परीक्षेपूर्वीची सुटी आली की उपस्थिती निम्म्यावर येते आणि मेस मोडते.

यावर उपाय असा की, वसतिगृहाच्या मेसने येऊन-जाऊन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दुपारचे एक वेळचे जेवण खुले करावे. सभासद वाढतात, स्थिर खर्च विभागला जातो आणि वसतिगृहातील विद्यार्थ्याचे ताटही सुधारते. आदल्या दिवशी सायंकाळपर्यंत नोंद घेतली म्हणजे अन्न वाया जात नाही. गावात दोन-तीन शिक्षणसंस्था असतील तर त्यांनी एकच सामाईक भोजनगृह चालविणे अधिक हिताचे ठरेल.

विद्यार्थ्यांनीच चालविलेल्या सहकारी मेसची पद्धतही अनेक वसतिगृहांत रुळलेली आहे. दर महिन्याला दोन विद्यार्थ्यांची भोजन सचिव म्हणून निवड होते. ते बाजार करतात, कोठी मोजून देतात, हजेरीपट ठेवतात आणि महिनाअखेर एकूण खर्चाला एकूण हजेऱ्यांनी भागून दर काढतात. हिशेब फलकावर लावला जातो. ज्याने सुटीची सूचना वेळेवर दिली त्याचे दिवस वजा होतात. या पद्धतीत नफा कोणाचाच नसतो, त्यामुळे संशयाला जागा उरत नाही. शिवाय चाळीस जणांचा बाजार करणे, भाव विचारणे, हिशेब जुळविणे आणि टीका ऐकून घेणे यांतून लाभणारे शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. साताऱ्यास १९४७ साली स्थापन झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' हे तत्त्व रुजले. त्याच धर्तीवर वाढप, भाजी चिरणे, हिशेब यांसारखी कामे गरजू विद्यार्थ्यांना मोबदल्यावर देता येतील. मात्र ही कामे विशिष्ट समाजाच्या किंवा केवळ मुलींच्याच वाट्याला येणार नाहीत, याची दक्षता घेतली पाहिजे.

शासनाचे साहाय्य

समाजकल्याण व आदिवासी विकास विभागांच्या शासकीय वसतिगृहांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याच्या भोजनाचा भार शासन उचलते. पण वसतिगृहांतील जागा मर्यादित आहेत. ज्यांना प्रवेश मिळत नाही अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आली. आणि इतर मागासवर्गीय, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गाच्या विद्यार्थ्यांसाठी पुढे ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. या योजनांत भोजन, निवास व निर्वाह यांसाठीची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते.

स्वाधार योजनेच्या मूळ रचनेत जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास वर्षाला एकूण ४३,००० रुपये ठरविण्यात आले. त्यांपैकी २५,००० रुपये भोजनभत्त्याचे. शैक्षणिक वर्षाचे दहा महिने धरले तर ही रक्कम महिन्याला २,५०० आणि दिवसाला सुमारे ८३ रुपये होते. तेवढ्यात दोन वेळचे जेवण व न्याहारी बसवावयाची असते. तुलनेसाठी शिवभोजन थाळीचे उदाहरण घेता येईल. २६ जानेवारी २०२० रोजी ही योजना सुरू झाली तेव्हा दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण अशा थाळीची किंमत शहरी भागात ५० व ग्रामीण भागात ३५ रुपये धरण्यात आली होती. ग्राहकाने त्यांतील १० रुपये द्यावयाचे आणि उरलेली रक्कम शासनाने, अशी ती रचना होती. दिवसाला ८३ रुपयांत ग्रामीण दराच्या अशा दोन थाळ्या बसतात आणि १३ रुपये उरतात. दूध, फळ आणि न्याहारी या तेरा रुपयांतून भागवावी लागते. एकट्या विद्यार्थ्याला हे अशक्यप्राय होय. चाळीस जणांनी एकत्र येऊन घाऊक खरेदी केली तर ते आटोक्यात येते. अनुदान व्यक्तीला मिळते, पण ते पुरते सामुदायिक व्यवस्थेमुळे.

आणखी एक अडचण व्यवहारातील आहे. भत्ता हप्त्याने येतो. किराणा आणि भाजी यांचे पैसे मात्र महिन्याला, कधी आठवड्यालाच द्यावे लागतात. दोहोंतील अंतर भरून काढण्यासाठी संस्थेने एक लहानसा फिरता निधी उभारणे श्रेयस्कर. माजी विद्यार्थी, बाजार समिती आणि सहकारी संस्था यांना अशा निधीसाठी हाक घालता येईल. धान्याच्या बाबतीत केंद्र शासनाची कल्याणकारी संस्था व वसतिगृहे यांच्यासाठीची योजनाही आहे. ज्या वसतिगृहांत दोनतृतीयांश विद्यार्थी अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गांतील असतात, त्यांना दरडोई दरमहा १५ किलोपर्यंत धान्य सवलतीच्या दराने मिळण्याची तरतूद तीत आहे. तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेकडे याची चौकशी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी अवश्य करावी.

स्वच्छता : दुर्लक्ष महागात पडते

सामुदायिक भोजनात एका चुकीची शिक्षा सर्वांना भोगावी लागते. वऱ्हाडचा उन्हाळा कडक. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा हवेत सकाळचा भात झाकून ठेवून रात्री वाढणे धोक्याचे असते. ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. शिजलेले अन्न एक तर वाफाळते राहिले पाहिजे, नाही तर शीतकपाटात गेले पाहिजे. मधल्या अवस्थेत ते दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये. भातातील एका प्रकारच्या जंतूचे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही, हे स्वयंपाक्यांना समजावून सांगितले पाहिजे.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ मधील. त्याची अंमलबजावणी ऑगस्ट २०११ पासून सुरू झाली. मेस, उपाहारगृह आणि डबे पुरविणारे व्यावसायिक या सर्वांना त्याखाली नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. पण नोंदणीचा कागद भिंतीवर लावल्याने पाणी शुद्ध होत नाही. टाकी ठरलेल्या दिवशी धुणे, पाण्यात ब्लीचिंग पावडर योग्य प्रमाणात टाकणे, स्वयंपाक्यांची वैद्यकीय तपासणी, हात धुण्यासाठी साबण आणि खरकट्यासाठी झाकणाचे पिंप या साध्या गोष्टी रोज पाहाव्या लागतात. प्राचार्यांनी किंवा प्राध्यापकांनी आळीपाळीने, पूर्वसूचना न देता, विद्यार्थ्यांच्या पंक्तीला बसून जेवण्याचा पायंडा पाडला तर निम्म्या तक्रारी आपोआप मिटतील.

गावाने काय करावे

भोजनाचा प्रश्न केवळ महाविद्यालयाचा नाही. ज्या गावांतून मुले शिकावयास जातात त्या गावांच्या पंचायतींनाही त्यात करण्यासारखे पुष्कळ आहे. सुगीच्या दिवसांत गावातून तूर, ज्वारी, गहू असे धान्य गोळा करून तालुक्याच्या वसतिगृहाला देण्याची प्रथा बोर्डिंगच्या काळी होती. ती आजही सुरू करता येईल. दर घरामागे पायली-अर्धी पायली तूर निघाली तरी मेसच्या वरणात फरक पडेल. महिला बचत गटाला मेसची भाजी निवडणे, भाकरी पुरविणे किंवा डबे देणे यांचे काम मिळवून देता येईल. बसच्या वेळा महाविद्यालयाच्या वेळांशी जुळाव्यात म्हणून ग्रामसभेने ठराव करावा. कारण पहाटेची बस तासभर उशिरा निघाली तर घरचा डबा होतो आणि मुलगी जेवून निघते. शिक्षकांनी वर्षाच्या आरंभी प्रत्येक विद्यार्थ्याला दोन प्रश्न विचारावेत : घरून किती वाजता निघतोस, आणि दुपारी काय खातोस? या दोन उत्तरांतून वर्गाची खरी स्थिती कळेल. ग्रामीण रुग्णालयाच्या साहाय्याने वर्षातून एकदा विद्यार्थ्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी झाली तर मेसचे ताट सुधारते आहे की नाही, याचे मापही मिळेल.

महाविद्यालयाची इमारत, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांची पाहणी होते. विद्यार्थ्याच्या ताटाची पाहणी क्वचितच होते. वास्तविक ग्रंथालयातील पुस्तक वाचण्याचे आणि प्रयोगशाळेत उभे राहण्याचे बळ त्या ताटातूनच येते. चांदूर रेल्वेच्या शाळेत शिकलेल्या एका मुलाने पुढे विद्यार्थ्यांसाठी आधी छात्रालय आणि मग शिक्षणसंस्था उभी केली. तालुक्याच्या गावचे महाविद्यालय आता दारात आले आहे. त्याच्या आवारात सर्वांसाठी एक सकस व परवडणारी पंगत मांडणे, हे त्या कार्याचे राहिलेले पाऊल होय.